रात्रपाळीहून परतताना कमरेला पिस्तूल असावं का?

ओटिस मॅक्डोनाल्ड शिकागोच्या दक्षिण भागातल्या मॉर्गन पार्क वस्तीत राहायचे. लुइझियानातून पोटासाठी शिकागोत आलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोत देखभाल विभागात नोकरी केली, घर घेतलं, निवृत्त झाले. म्हातारपणी वस्ती बिघडली. घर फोडलं गेलं, टोळीतली पोरं दमदाटी करू लागली. घरात कायदेशीर शॉटगन होती, पण चोर घरात शिरल्यावर ती लांबलचक बंदूक वळवणं त्यांना अवघड वाटायचं. त्यांना पिस्तूल हवं होतं, आणि शिकागोने १९८२ पासून पिस्तुलांना मज्जाव केला होता. ते कोर्टात गेले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला.

अमेरिकेतल्या शस्त्रांबद्दल आपल्याकडे चर्चा होते ती शाळेत किंवा मॉलमध्ये गोळीबार झाला की. मग ‘या लोकांना पिस्तुलं हवीतच कशाला?’ असा प्रश्न येतो आणि विषय तिथेच संपतो. मॅक्डोनाल्ड यांच्यासारख्या माणसाकडे या प्रश्नाचं सरळ उत्तर होतं. ते उत्तर कुठपर्यंत बरोबर आहे आणि कुठून पुढे तोकडं पडतं, ते नीट पाहायला हवं.

घरातलं पिस्तूल आणि रस्त्यावरचं पिस्तूल

अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ ची. शस्त्र ‘ठेवण्याचा आणि बाळगण्याचा’ हक्क त्यात आहे. हा हक्क एकेकट्या नागरिकाचा की नागरी सैन्यदलापुरता, यावर दोनशे वर्षं वाद चालला. २००८ मध्ये वॉशिंग्टन शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. मॅक्डोनाल्ड यांच्या खटल्याने तो सगळ्या राज्यांना आणि शहरांना लागू झाला.

पण घरात ठेवणं वेगळं आणि अंगावर घेऊन रस्त्यावर फिरणं वेगळं. शर्टाखाली किंवा जाकिटाखाली, दिसणार नाही असं भरलेलं पिस्तूल घेऊन वावरण्याला तिकडे ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. पुढे ‘परवाना’ म्हणजे याचाच परवाना.

धोक्याच्या वस्तीत राहणाऱ्याला घरापेक्षा रस्त्याची भीती जास्त असते. २०१२ मध्ये इलिनॉय राज्यातल्या घराबाहेर पिस्तूल नेण्याच्या बंदीवर निकाल देताना न्यायाधीश रिचर्ड पोझनर यांनी हेच लिहिलं: शिकागोच्या माणसावर उंच इमारतीच्या ३५ व्या मजल्यावरच्या घरात हल्ला होण्यापेक्षा वाईट वस्तीतल्या फुटपाथवर होण्याची शक्यता कितीतरी अधिक. मग स्वसंरक्षणाचा हक्क उंबरठ्यावर का संपावा? त्या निकालानंतर २०१३ मध्ये इलिनॉयने परवान्याचा कायदा केला. असं करणारं ते शेवटचं राज्य.

न्यूयॉर्कची तऱ्हा वेगळी होती. तिथे १९११ पासून परवान्याचा कायदा होता, पण ‘मला सगळ्यांपेक्षा वेगळा, खास धोका आहे’ हे अर्जदाराने सिद्ध करायचं. आणि ‘मी गुन्हेगारीच्या वस्तीत राहतो’ हे कारण त्यासाठी पुरत नसे, कारण तो धोका तर वस्तीतल्या सगळ्यांनाच! हा कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा २०२१ च्या सुनावणीत न्यायमूर्ती अलिटो यांनी राज्याच्या वकिलांना नेमकं इथेच धरलं. इमारतीचा दरवान, इस्पितळातली नर्स, हॉटेलात भांडी घासणारा माणूस मध्यरात्री सुटतो, सबवेने, म्हणजे भुयारी रेल्वेने, घरी जातो, वस्तीतून पायी चालतो. त्याने आजवर कायदा मोडलेला नाही. त्याला परवाना मिळेल का? सर्वसाधारणपणे नाही, असंच उत्तर आलं. जून २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ती अट रद्द झाली.

आता देशभर चित्र असं आहे: २०२४ पर्यंत २९ राज्यांनी परवान्याची अटच काढून टाकली आहे. इतर राज्यांत परवाना लागतो, पण अटी पूर्ण केल्या तर तो नाकारता येत नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना बंदी आहेच. कौटुंबिक हिंसाचारामुळे कोर्टाने ज्याला दूर राहण्याचा आदेश दिला आहे त्याचं शस्त्र काढून घेता येतं, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मान्य केलं.

हक्क कागदावर सगळ्यांना, प्रत्यक्षात कोणाला?

ज्या रात्रपाळीच्या कामगाराचं उदाहरण देऊन हा हक्क मिळवला, तोच बहुतेकदा त्यातून वगळला जातो. न्यूयॉर्कने २०२२ च्या निकालानंतर लगेच नवा कायदा केला. १६ तासांचं वर्गातलं प्रशिक्षण, २ तास प्रत्यक्ष नेमबाजी, आणि सबवेत, बसमध्ये, टाइम्स स्क्वेअरमध्ये पिस्तूल न्यायला बंदी. इलिनॉयमध्येही १६ तासांचं प्रशिक्षण, १५० डॉलर परवाना शुल्क, आणि बस-लोकलमध्ये भरलेलं पिस्तूल नेणं परवानाधारकालाही मना. गाडीवाल्याची अडचण होत नाही. बसने जाणाऱ्याने काय करायचं?

या बंदीला कारण नाही असं नाही. खचाखच भरलेल्या डब्यात गोळी सुटली तर ती कोणाला लागेल हे सांगता येत नाही. पण फायदा आणि तोटा कोणाच्या वाट्याला आला, ते पाहायला हवं.

राज्याची हद्द ओलांडली की परवाना कागदाचा कपटा होऊ शकतो. २०१३ मध्ये फिलाडेल्फियातली दोन मुलांची एक आई शेजारच्या न्यू जर्सीत गेली. तिला आधी लुटलं गेलं होतं, म्हणून तिने पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना काढला होता. रहदारी पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं, की पर्समध्ये पिस्तूल आहे. न्यू जर्सी शेजारच्या राज्याचा परवाना मानत नाही. तिला अटक झाली, काही आठवडे ती तुरुंगात होती, आणि किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार डोक्यावर आली. २०१५ मध्ये गव्हर्नरने तिला माफी दिली.

न्यूयॉर्कच्या खटल्यात एक गोष्ट अनेकांना चक्रावून गेली. गरिबांचे खटले फुकट लढवणारे ब्रॉन्क्सचे आणि इतर ठिकाणचे वकील, ज्यात कृष्णवर्णीय वकिलांची संघटना होती, पिस्तूल बाळगण्याच्या हक्काच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी आकडा दिला: २०२० मध्ये राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १८ टक्के, पण बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या गंभीर खटल्यांत ७८ टक्के. भीतीपोटी खिशात पिस्तूल ठेवलेला पोरगा आणि दरोडेखोर यांच्यात कायदा फरक करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

परवाना असूनही पोलिसांसमोर काय होईल याची खात्री नसते. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टील या शाळेच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाची गाडी पोलिसाने थांबवली. ‘माझ्याकडे शस्त्र आहे’ असं त्याने शांतपणे सांगितलं. परवाना होता. काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. तो पोलीस पुढे निर्दोष सुटला. मला या सगळ्या विषयातली सर्वांत कठीण गोष्ट हीच वाटते: ज्यांना शस्त्राची गरज सर्वाधिक वाटते, त्यांच्याच हातात ते दिसणं सर्वाधिक धोक्याचं ठरतं.

पोलीस आहेत ना, मग पिस्तूल कशाला?

हा आक्षेप आपल्याला सहज सुचतो. अमेरिकेतला कायदा मात्र त्याला आधार देत नाही. कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावात १९९९ मध्ये एका बापाने कोर्टाचा मनाई हुकूम मोडून आपल्या तीन मुलींना उचलून नेलं. आई रात्रभर पोलिसांना फोन करत राहिली, शेवटी ठाण्यात जाऊन बसली. पोलिसांनी शोध घेतला नाही. तिन्ही मुली मारल्या गेल्या. आईने गावावर दावा लावला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मनाई हुकूम पोलिसांनी अमलात आणलाच पाहिजे असा घटनात्मक हक्क तिला नाही.

म्हणजे पोलीस समाजाचं रक्षण करतात, पण अमुक एका माणसाला वाचवलं नाही म्हणून राज्यघटनेच्या आधारे त्यांना सहसा जबाबदार धरता येत नाही. त्यात ज्या वस्तीत खुनाचे तपास लागत नाहीत, तिथला माणूस ‘आपलं आपणच बघायचं’ या निष्कर्षाला येतो, तो उगाच नाही. त्याला मूर्ख ठरवून पुढे जाणारा कुठलाही युक्तिवाद मला पटत नाही.

पिस्तूल किती सेकंदांचं काम करतं

सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये एक साधी गोष्ट मोजून दाखवली. चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फुटांवरून, म्हणजे साडेसहा मीटरच्या आतून, धावत निघाला तर साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. तेवढ्याच वेळात कसलेला पोलीस कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढून गोळी झाडतो. आणि हे कमरेला उघडं लावलेलं पिस्तूल. जाकीट बाजूला सारायचं, शर्ट वर ओढायचा, पकड घ्यायची, हे सगळं वेगळं. लुटारू २१ फुटांवरून इशारा देऊन येत नाही. तो कोपऱ्यावर, हाताच्या अंतरावर उगवतो, आणि त्याचं शस्त्र आधीच बाहेर असतं.

मग नेम. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांच्या अभ्यासात दिसलं, की समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या १०० पैकी सुमारे १८ गोळ्याच लागल्या. ही पगारी, नियमित सराव असलेली माणसं. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीबाहेर पोलिसांनी एका खुन्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा रस्त्यावरचे नऊ लोक जखमी झाले. भीतीने हात थरथरतात, नजर आखडते, ऐकू येईनासं होतं. लक्ष्याच्या कागदावर केलेला सराव तेव्हा अर्धाच उपयोगी पडतो.

तरीही कधी कधी पिस्तूल खरोखर जीव वाचवतं. जुलै २०२२ मध्ये इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये गोळीबार सुरू झाल्यावर २२ वर्षांच्या एका तरुणाने पंधरा सेकंदांत हल्लेखोराला संपवलं. तोवर तिघांचा जीव गेला होता. तो नसता तर किती गेले असते याचा विचारही करवत नाही. अशा घटना घडतात आणि त्या नाकारायचं कारण नाही. पण २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या आर्वाडा इथे अगदी असंच धाडस केलेल्या माणसाला, त्याच्या हातात हल्लेखोराची रायफल दिसल्यामुळे, पोलिसाने गोळी घातली. नंतर धावत येणाऱ्याला कोण चांगला आणि कोण वाईट हे कपाळावर लिहिलेलं दिसत नाही.

“पण वर्षाला लाखो लोक पिस्तुलामुळे वाचतात ना?”

हा आकडा तुम्हाला कुठे ना कुठे भेटेल: वर्षाला २५ लाख. तो १९९० च्या दशकातल्या गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांच्या फोनवरच्या पाहणीतून आला. सुमारे ५,००० लोकांना विचारलं, की गेल्या वर्षभरात तुम्ही स्वसंरक्षणासाठी शस्त्र वापरलं का? साधारण सव्वा टक्का लोक ‘हो’ म्हणाले. सव्वा टक्के गुणिले देशातले सगळे प्रौढ, उत्तर २५ लाख.

गोम इथे आहे. उत्तर देणाऱ्यांत शंभरातल्या एकाने जरी दोन वर्षांपूर्वीची घटना ‘गेल्या वर्षी’ म्हणून सांगितली, किंवा कुंपणाजवळच्या आवाजावर पिस्तूल रोखलं तेही धरलं, तर २५ लाखांतले २० लाख हवेत विरतात. उलट बाजूची चूक इतकी मोठी होऊच शकत नाही, कारण ‘हो’ म्हणणारे मुळात मूठभर. सरकारी गुन्हेपीडित पाहणी आधी ‘तुमच्यावर गुन्हा घडला का’ हे विचारते आणि मगच पुढचं. तिच्यात हा आकडा वर्षाला लाखाच्या आत येतो. तो कमी असू शकतो, कारण सरकारी माणसाला सगळं कोण सांगणार? खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि २५ लाखांपासून बरंच लांब आहे, असं माझं मत.

उरलेला दिवस

पिस्तूल बाळगणारे एक दाखला नेहमी देतात: घरात आग विझवायचं नळकांडं ठेवता ना? आग लागेल म्हणून नाही, लागलीच तर असावं म्हणून. दाखला चांगला आहे, फक्त अर्धवट आहे. नळकांडं स्वतःहून पेट घेत नाही. ते चोरून कोणी दुसऱ्याचं घर जाळत नाही. घरातला खचलेला माणूस ते हातात घेऊन स्वतःचा जीव देत नाही.

२०२१ मध्ये अमेरिकेत ४८,८३० माणसं गोळीने मेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. गोळीने केलेल्या प्रयत्नांतून वाचणारे फारच थोडे, दहातला एखादा. कॅलिफोर्नियात पिस्तूल घेणाऱ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. पिस्तूल असलेल्या पुरुषांत गोळीने आत्महत्येचं प्रमाण इतर पुरुषांच्या आठपट निघालं. बायकांत ३५ पट. नवरा-बायकोचं भांडण, नोकरी गेल्याची रात्र, दारू. ज्या क्षणी हात आवरला असता, त्या क्षणी पिस्तूल उशाशी असतं.

चोरीचं काय? २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत खासगी लोकांकडून दहा लाखांहून अधिक शस्त्रं चोरीला गेल्याच्या नोंदी झाल्या. यातली कितीतरी गाड्यांतून. दवाखान्यात, शाळेत, कचेरीत पिस्तूल नेता येत नाही, म्हणून माणूस ते गाडीत ठेवतो, काच फुटते, आणि ते हत्यार त्याच वस्तीत फिरू लागतं. शस्त्र बाळगण्याचे नियम सैल केल्यावर राज्यांत हिंसक गुन्हे कमी झाले असा अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांचा दावा १९९० च्या दशकात गाजला. जॉन डोनोह्यू यांच्या २०१९ च्या अभ्यासात उलट दिसलं: दहा वर्षांत हिंसक गुन्हे सुमारे १३ ते १५ टक्के जास्त. चोरीची शस्त्रं हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. २००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या अभ्यासात दिसलं, की शस्त्र जवळ असलेल्या माणसाला हल्ल्यात गोळी लागण्याची शक्यता सुमारे साडेचारपट होती. कोणी म्हणेल, अहो, ज्यांच्या जिवावर उठलेत तेच शस्त्र बाळगणार! आजारी माणसंच इस्पितळात दिसतात, म्हणून इस्पितळाने आजार होतो का? बरोबर आहे. संशोधकांनी शक्य तेवढे फरक हिशोबात घेतले तरी हा प्रश्न पुरता मिटत नाही. म्हणून ‘पिस्तूल ठेवलंत तर साडेचारपट मराल’ असं कोणी सांगितलं तर मानू नका. पण पिस्तुलाने सुरक्षितता वाढते हेही त्या आकड्यांत कुठे सापडत नाही.

गोळी झाडल्यानंतर

कायद्याचा गाभा बहुतेक राज्यांत सारखा आहे. जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका आत्ता, या क्षणी हवा. भांडण तुम्ही सुरू केलेलं नको. आणि तुमच्या जागी कुठल्याही समंजस माणसाला तसाच धोका वाटला असता, असं ज्युरीला पटायला हवं. पाकीट घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालता येत नाही. टेक्सासमध्ये रात्रीच्या चोरीबाबत काही अपवाद आहेत. फ्लोरिडाने २००५ मध्ये कायदा केला, की रस्त्यावरही मागे हटण्याची सक्ती नाही. बरीच राज्यं त्या वाटेने गेली. न्यूयॉर्क, न्यू जर्सीत मात्र सुरक्षितपणे निघून जाता येत असेल तर जायलाच हवं.

डिसेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या सबवेत बर्नहार्ड गेट्झ यांच्याकडे चार पोरांपैकी एकाने पाच डॉलर मागितले. गेट्झ आधी एकदा लुटले गेले होते, परवाना मागितला तर तो नाकारला गेला होता. त्यांनी बेकायदा पिस्तुलाने चौघांवर गोळ्या झाडल्या. १९८७ मध्ये ज्युरीने त्यांना खुनाच्या प्रयत्नातून सोडलं, फक्त बेकायदा शस्त्रासाठी शिक्षा झाली. १९९६ मध्ये दिवाणी ज्युरीने मात्र कायमचा लुळा पडलेल्या पोराला ४ कोटी ३० लाख डॉलर द्यायला सांगितलं. फौजदारीत सुटलो म्हणजे सुटलो, असं होत नाही.

वस्ती वाईट म्हणजे नेमकी कुठली जागा?

‘वाईट वस्ती’ असं आपण मोघम म्हणतो, पण गुन्हा तसा सगळीकडे पसरलेला नसतो. डेव्हिड वाइसबर्ड यांच्या अभ्यासांत दिसतं, की शहरातले निम्मे गुन्हे चार-पाच टक्के रस्त्यांच्या तुकड्यांवर घडतात. माणसांचंही तसंच. अँड्र्यू पापाख्रिस्तोस यांनी शिकागोत पाहिलं: गोळी लागून वाचलेल्यांपैकी ७० टक्के लोक शहराच्या सहा टक्क्यांहून लहान अशा ओळखीच्या जाळ्यातले होते, जिथे पूर्वी सोबत अटक झालेली माणसं एकमेकांना जोडलेली असतात. म्हणजे रात्रपाळीहून परतणारी नर्स आणि वैर असलेला टोळीतला पोरगा एकाच गल्लीत राहत असले तरी त्यांचा धोका एक नाही. नर्सला कमरेच्या पिस्तुलापेक्षा थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता बदलणं जास्त कामाला येऊ शकतं.

आणि रस्ता बदलता येतो. न्यूयॉर्कने २०१६ मध्ये काही सरकारी वसाहतींत प्रखर दिवे लावले, काहींत लावले नाहीत. जिथे लावले तिथे रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे ३६ टक्के कमी झाले. फिलाडेल्फियात ओसाड भूखंड साफ करून गवत-झाडं लावली, ठेंगणं कुंपण घातलं. गरीब वस्त्यांत गोळीबार २९ टक्क्यांनी घटला. कचरा आणि झुडपं गेली की पिस्तूल लपवायची जागाही जाते. हे ऐकायला फिकं वाटतं, मला ठाऊक आहे. पण मॅक्डोनाल्ड यांच्या गल्लीसाठी यातलं काय केलं, हा प्रश्न शहराला विचारायला हवा होता, तितकाच जितका कोर्टाने हक्काचा विचारला.

मुलं तिकडे शिकायला किंवा नोकरीला असतील तर

विद्यार्थी व्हिसा, एच-वन-बी किंवा तसाच तात्पुरता व्हिसा असलेल्यांना केंद्रीय कायद्यानुसार शस्त्र किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. राज्यात परवान्याची अट नसली तरी ही बंदी उठत नाही, कारण ती केंद्राची आहे. मित्राचं पिस्तूल सांभाळायला ठेवणं, नेमबाजीच्या रेंजवर गंमत म्हणून हातात घेणं, यानेही अडचण होऊ शकते. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि शस्त्राचा गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही बंदी उरत नाही, पण देशाबाहेर काढण्याचं कलम तेव्हाही लागू राहतं.